भिलाई, सेक्टर दोन : बिनदिव्यांची दोन घरं

भिलाईहून परत आल्यापासून शाळेतल्या सगळ्या शिक्षिका मला एकच विचारतात, "कारखाना पाहिला का हो?" पाहिला, असं मी सांगते. लांबून पाहिला, चिमण्या पाहिल्या, संध्याकाळी आभाळ एकदम लाल होतं तेही पाहिलं. मग त्या नळाचं विचारतात, विजेचं विचारतात, रशियन मडमांचं तर फारच विचारतात. सगळं खरंखरं सांगते. एक मात्र कोणाला सांगितलं नाही, ते इथे लिहिते आहे. भिलाईत मी आठ दिवस होते आणि त्यातले निदान सहा दिवस माझ्या पोटात दुखत होतं. खाण्यापिण्याने नव्हे, दुसऱ्याचं बरं पाहून दुखतं तसं.

मुळात मी दिवाळीपासून पळून गेले होते. भंडाऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवते, एका वाड्याच्या माडीवर भाड्याने खोली घेऊन राहते, लग्न झालेलं नाही आणि आता व्हायचंही नाही. आई होती तोवर दिवाळी होती. आई गेल्यावरची पहिली दिवाळी मी भिंतीकडे तोंड करून काढली. शाळेला सुटी, सोबतच्या बाया आपापल्या घरी, खाली घरमालकांच्या मुलांचे फटाके, आणि मी चार दिवस अंथरुणात. आजारी नव्हते. ताप नव्हता. उठावंसं वाटत नव्हतं एवढंच. मालकीणबाईंनी फराळाचं ताट रुमालाने झाकून पाठवलं, ते तसंच झाकलेलं परत गेलं. दुसऱ्या वर्षीही तेच. म्हणून तिसऱ्या वर्षी, नवरात्र संपताच, मी माझ्या धाकट्या बहिणीला पत्र टाकलं की दिवाळीला तुझ्याकडे येते.

सुमन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचा नवरा देवराव भिलाईच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून तिचा थाट वेगळाच, असं माझं मत. क्वार्टर, नळ, दिवे. मी तिला महिन्याला एक पत्र लिहायची आणि शेवटी न चुकता लिहायची, "मजा आहे बुवा तुझी." तिचं उत्तर आलं, कार्डावर दोन ओळी. "ये. पण आमच्याकडे दिवाळीचं काही खास नसतं." मी मनात म्हटलं, पाहा कशी मोठी माणसं झालीत. यांच्याकडे रोजच दिवाळी, मग खास ते काय असणार.

दुर्गहून पुढे

गाडीचं काही सांगत नाही. गोंदियाच्या पुढे डोंगर आणि दोन्ही बाजूंना पिकत आलेला धान, एवढं मात्र डोळ्यांत राहिलं. दुर्ग स्टेशनावर देवराव सायकल घेऊन उभे होते. मला आणि माझ्या पेटीला त्यांनी सायकलरिक्षात बसवलं आणि स्वतः शेजारून सायकल मारत निघाले.

"ताई, पुरा रस्ता नवा आहे बरं," ते ओरडून सांगत होते. "मी आलो तवा इथं पलसाची झाडं होती नुसती. आता पाहा!"

पाहत होते. तांबडी धूळ, रुंद रस्ते, आणि एकाच साच्यातून काढलेली घरं, रांगच्या रांग. गावाला वेशी नाहीत, पेठा नाहीत, गल्लीला नाव नाही. सगळं नंबरावर. सेक्टर एक, सेक्टर दोन, रस्ता इतका, क्वार्टर तितकं. आमच्याकडे पत्ता सांगताना पिंपळ येतो, विहीर येते, अमक्या पाटलाचा गोठा येतो. इथे माणूस आकडा सांगून मोकळा होतो. आणि समोर सगळीकडे, कुठूनही मान वर केली की, त्या चिमण्या.

सुमन दारात उभी होती. बारीक झाली होती. मला पाहून हसली, पाया पडली आणि म्हणाली, "चाल, हातपाय धू." मोरीत जाऊन तिने नळाची चावी फिरवली आणि पाणी धो धो पडायला लागलं.

इथे माझ्या पोटात पहिली कळ आली. मी रोज पहाटे विहिरीवरून दोन घागरी माडीवर चढवते. आणि ही, जिला मी झोपेतून ओढून उठवायची, ती दोन बोटांनी चावी फिरवते! खोल्या दोन, स्वयंपाकघर वेगळं, मागे छोटंसं अंगण, अंगणातच संडास, प्रत्येक खोलीत बल्ब. मी बटण खाली-वर करून पाहिलं. एकदा नाही, तीनदा.

"तुही मजा आहे बुवा," मी म्हटलं.

सुमन नळ बंद करून आत गेली.

मागच्या अंगणाला खांद्याइतकी उंच भिंत होती, आणि तिच्यापलीकडे शेवटचं क्वार्टर, रांगेच्या टोकाचं. भिंतीच्या वरच्या दोन विटा काढलेल्या होत्या. काय म्हणून, ते मला संध्याकाळी कळलं. त्या खाचेत पलीकडून एका हाताने वाटी ठेवली आणि आवाज आला, "सुमे, गरम आहे, खाऊन घे." सुमनने वाटी उचलली आणि उभ्या उभ्या, अंगणातच, बोटांनी चाटूनपुसून खाल्ली. लाखोळीच्या डाळीची भाजी होती, लसणाची फोडणी दिलेली. आई करायची तशी. वास माझ्यापर्यंत आला, वाटी आली नाही.

"कोण आहे ते?" मी विचारलं.

"बाई," ती म्हणाली. "वच्छलाबाई. तुमसरकडच्या आहेत."

आमच्या भागात थोरल्या बहिणीलाही बाई म्हणतात. त्या एका शब्दाने मी जी चिडले ती चिडलेच.

फराळ

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचे डबे उघडून पाहिले. दिवाळी तीन दिवसांवर, आणि घरात करंजी नाही, शेव नाही, चिवड्याला पोहेसुद्धा आणलेले नाहीत. एवढं चांगलं स्वयंपाकघर, ओटा, पाणी हाताशी! मला असं मिळालं असतं तर मी काय काय केलं असतं. सुमन जात्यापाशी बसून राहिली होती, दळत नव्हती, नुसती बसली होती.

"कावून बसून राहिली अशी? आंग दुखते का?"

"नाई."

"मंग?"

"काई नाई, ताई. तू कर ना तुले जे कराचं ते."

मग मी केलं. पदर खोचला आणि दोन दिवस तळत बसले. देवराव कामावरून आले की गरम करंजी तोंडात टाकून म्हणायचे, "ताई, तुमी आल्या तं घराले घरपन आलं." हे ऐकून मला बरं वाटायचं, आणि सुमनकडे पाहिलं की ती खाली मान घालून असायची. मला वाटलं, जळते माझ्यावर. आता हसू येतं. आपल्याला जे होत असतं तेच समोरच्याला होतंय असं आपण किती खुशाल धरून चालतो.

पहिल्या घाण्याच्या चार करंज्या तिने बशीत काढल्या. मला वाटलं देवापुढे ठेवते. ती गेली ती थेट भिंतीकडे.

"अवं, पहिला घाणा आहे!" मी ओरडले. "आन त्या लोकायच्या घरी..."

वाक्य मी पुरं केलं नाही, पण सुमनला ते पुरं ऐकू गेलं. सांगायला हवं, म्हणून सांगते. वच्छलाबाईंच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली होती. गावी असतो तर त्यांची वस्ती नाल्यापलीकडे असती आणि आमचं शेतकऱ्यांचं घर अलीकडे, आणि मध्ये करंज्यांची बशी गेली नसती. इथे कारखान्याने घरं वाटताना नाला पाहिला नव्हता, हुद्दा पाहिला होता. देवराव रोलिंग मिलमध्ये, वच्छलाबाईंचे यजमान कारखान्याच्या इंजिनावर. एकच हुद्दा, एकच भिंत.

"बाई दिवाळी करत नाईत," सुमन शांतपणे म्हणाली. "त्यायनं सोडली. पन माह्या हातचं खातात. आन मी त्यायच्या हातचं."

त्याच दुपारी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया आल्या. भिलाईतला हा रिवाज मी पहिल्यांदाच पाहिला. डोक्यावर टोपली, टोपलीत धान, धानात मातीचा पोपट. टोपली दारात ठेवायची आणि तिच्याभोवती गोल धरून, वाकून, टाळ्या वाजवत गात फिरायचं. ढोल नाही, काही नाही, फक्त टाळ्या. देवरावांना आता छत्तीसगढी कळते, ते मला सांगायला लागले. "पोपटाले निरोप सांगून राहिल्या त्या. का बाबा, माह्या मानसाले जाऊन सांग, मी इथं कशी आहो ते."

आमच्याकडे दिवाळीत बायका उखाणे घेतील, हसतील. सणाच्या तोंडावर दारोदार फिरून दुःख सांगायचं, आणि तेही पोपटाला, हे मला विचित्र वाटलं. पण त्या गात होत्या तोवर मी जागची हलले नाही. त्यांना सुपातून तांदूळ घालायला सुमनला हाक मारली, तर ती घरात नव्हती.

धनतेरस

संध्याकाळी मी एकटीच बाजारात गेले. पणत्या आणायच्या होत्या, सुमनला त्याचंही सुचलं नव्हतं. बाजारात एक रशियन मडम टमाटे घेत होती. उंच, गोरीपान, फुलाफुलांचा झगा. भाजीवाली तिच्याशी छत्तीसगढीत बोलत होती आणि ती भाजीवालीशी रशियनमध्ये, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. माझ्याकडे पाहून तिने "नमस्ते" म्हटलं. मी इतकी गोंधळले की मी तिला "गुड मॉर्निंग" म्हटलं, संध्याकाळी.

परत येताना अंधार पडला आणि मी वाट चुकले. ज्याने भिलाई पाहिलेली नाही त्याला हे कळणार नाही. सगळी घरं सारखी, दारं सारखी, खिडक्या सारख्या. दिवसा मी सुमनचं घर समोर वाळत घातलेल्या हिरव्या लुगड्यावरून ओळखायची, आता लुगडं घरात गेलेलं. पण मी हुशार. मी विचार केला, आज दारोदार पणत्या लागल्यात. आपल्या पणत्या तर माझ्या पिशवीत आहेत. म्हणजे ज्या दारात दिवा नाही, ते आपलं घर.

टोकाकडून आले. पहिलंच दार बिनदिव्याचं. कडी लावलेली नव्हती. चपला काढल्या आणि सरळ आत शिरले.

समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या साहेबांचा हार घातलेला फोटो. मी थबकले. बल्ब लख्ख जळत होता. खाली गोणपाटावर एक ठसठशीत बाई बसली होती, पन्नाशीची असेल, आणि तिच्या पुढ्यात पाठ करून माझी सुमन. बाई तिच्या केसांना तेल लावत होती आणि काहीतरी सांगत होती, आणि सुमन हसत होती. खळखळून. तोंडावर हात घेऊन, लहानपणी हसायची तशी.

मी आल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी तिच्यासाठी दोन दिवस चुलीपुढे बसले, करंज्या, शेव, चिवडा, आणि ती हसली कुठे? इथे. कोणाच्या हाताने? हिच्या.

"अशी आहे होय!" माझ्या तोंडून निघालं. "सोताच्या घरी अंधार ठेवून लोकाच्या अंधारात येऊन बसली!"

सुमन एकदम उभी राहिली. वच्छलाबाईंनी वर पाहिलं, हातातलं तेल स्वतःच्याच केसांना पुसलं आणि म्हणाल्या, "अंधार कुठं आहे, मास्तरीनबाई? बल्ब तं लागून आहे." आणि जरा थांबून, "बसा. घर चुकल्या वाटते."

मी बसले नाही. सुमनला घेऊन घरी आले आणि पणत्यांची पिशवी ओट्यावर आपटली. दोन फुटल्या.

"मी तुही सख्खी बहीन," मी म्हटलं. "मायसारखं केलं तुह्यासाठी. आन तुले ते बाई लागते? काय आहे असं तिच्यापाशी?"

सुमनने फुटलेल्या पणत्यांचे तुकडे गोळा केले. मग फळीवरचा पत्र्याचा डबा काढून तिने माझ्या पुढ्यात ठेवला. त्यात माझी पत्रं होती. सगळी, नीट घडी घातलेली.

"वाच," ती म्हणाली. "शेवटची ओळ वाच फक्त. सगळ्यायची."

मला वाचायची गरज नव्हती. तरी वाचली. मजा आहे बुवा तुझी. मजा आहे बुवा तुझी. मजा आहे.

"मागच्या दिवाळीले मले पाचवा मयना होता," सुमन म्हणाली. "तुले लिवलं नवतं. म्हटलं जरा पक्कं होऊ दे, मंग लिवीन. धनतेरसीच्या दिवशी गेलं. दवाखान्यातून मी लक्ष्मीपूजनाले घरी आली. पुऱ्या रस्त्यानं फटाके. मी तुले पत्र लिवाले बसली होती, ताई. कागद घेतला. आन तवाच तुहं पत्र आलं. त्याच्यात तेच. आता सांग, मी त्याच्या खाली काय लिवू?"

तोंडात मारल्यासारखं झालं.  आणि आता लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणीही, तिचं एवढं मोठं दुःख ऐकतानाही, माझ्या मनात आधी हेच आलं की हे त्या वच्छलाबाईला वर्षभर माहीत होतं आणि मला नव्हतं.

लक्ष्मीपूजन

कारखान्याची भट्टी दिवाळी पाळत नाही. एकदा पेटवली की विझवता येत नाही, म्हणून सणालाही कामावर माणसं लागतात. देवरावांची त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, दुपारी दोनला गेले ते रात्री दहाला येणार. पूजा आम्ही दोघींनीच दिवेलागणीला केली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो होतो. पूजा झाली, फटाके सुरू झाले, आणि सुमनने हातातली निरांजनाची वात सारता सारता मध्येच सोडून दिली. तोंड पांढरं पडलं.

"मी जातो बाईकडे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तू येतं का?"

मला जायचं नव्हतं. माझा अहंकार म्हणत होता, मर इथेच एकटी. पण फटाक्यांचा आवाज ऐकून माझ्याही छातीत तो ओळखीचा दगड येऊन बसायला लागला होता, भिंतीकडे तोंड करायला लावणारा. मी गेले.

वच्छलाबाईंनी काही विचारलं नाही. त्यांच्या दोन मुली कोपऱ्यात शाळेचा अभ्यास करत होत्या, दिवाळीच्या संध्याकाळी! यजमान इंजिनावर गेलेले. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक सूप सुमनकडे सरकवलं, एक माझ्याकडे.

"खडे लई आहेत अवंदा," त्या म्हणाल्या.

मी खडे वेचायला लागले. बाहेर धडाधड फुटत होतं. सुमनचा हात चालत होता, तिचा रंग हळूहळू परत येत होता. थोड्या वेळाने माझ्याच्याने राहवेना.

"मागच्या वर्षी तुमी काय केलं हिच्यासाठी?" मी विचारलं. आवाजात अजून थोडी खार होतीच.

"मी कायले काय करू?" वच्छलाबाई म्हणाल्या. "पुऱ्या लाइनीतल्या बाया हिच्याकडं ताटं घेऊन येत. गोड खा म्हनत, पुढच्या साली होईन म्हनत. ह्या पोरीले ते सहन होत नवतं. पुऱ्या लाइनीत बिनदिवाळीचं घर एकच, आमचं. तं हे इथं येऊन बसली. मी माहं काम करत होती. हिले सूप देल्लं. चार दिवस आली, चार दिवस तांदूळ निवडले. तिसऱ्या दिवशी रडली. चवथ्या दिवशी जेवली. बस."

"बोलल्या नाई काही?"

"बोलून काय होते, मास्तरीनबाई? लोकायनं बोलून बोलूनच तं तिले आनलं होतं तसं."

त्यांनी सुपाला एक झटका दिला. फोलपट उडून माझ्या लुगड्यावर पडलं आणि आम्ही तिघी हसलो, उगाचच. मला त्या बाईचा अजूनही हेवा वाटत होता. पण आता तो वेगळा होता. मी शाळेत बत्तीस मुलींना शिकवते, पण समोरचा रडत असताना स्वतःचं काम करत बसून राहायचं, हे मला कधी जमलेलं नाही.

उतई

दुसऱ्या दिवशी देवरावांना सुटी होती. ते म्हणाले, चला, जवळच्या उतई गावी राऊतांचा नाच पाहू. बसने गेलो. गावात गुराखी नाचत होते, अंगात कवड्यांचं जाकीट, फेट्यात मोरपीस, हातात सजवलेल्या काठ्या. मध्येच थांबून एक जण मोठ्याने दोन ओळी म्हणायचा आणि सगळे पुन्हा उसळून नाचायचे. आमच्याकडे गायगोधनाला गाईंना रंगवून ओवाळतात, पण गुराखी बिचारा बाजूला उभा असतो. इथे त्या दिवसाचा राजा तोच. एका घरी आम्हाला तांदळाच्या पिठाचे चिले, आपल्या धिरड्यांसारखे, मिळाले, टमाट्याच्या चटणीशी. सुमनने तीन खाल्ले. मी मोजले.

देवराव नाचाजवळ थांबले आणि आम्ही दोघी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसलो. दोन्हीकडे धान वाकलेला होता. तिथे मी तिला सांगितलं. दोन वर्षांची दिवाळी, भिंत, झाकलेलं ताट, सगळं. पत्रात मजा आहे लिहायची तेव्हा खरं म्हणजे मला काय लिहायचं असायचं, तेही.

"मले वाटे, तू शिकेल आहे, तुही पगार, तुह्यावर कोनाचं बंधन नाई," सुमन म्हणाली. "मी ह्यायले म्हनो, ताईचीच खरी मजा आहे."

 मग तिने कापणीला आलेल्या धानाची एक लोंबी तोडली आणि एकेक दाणा सोलून मला द्यायला लागली, लहानपणी मी तिला द्यायची तसा.

भाऊबीज

आम्हाला भाऊ नाही. आई दर भाऊबीजेला आम्हाला अंगणात उभं करायची आणि चंद्राला ओवाळायला लावायची. बीजेचा चंद्र बारीक असतो, लवकर बुडतो, म्हणून घाई घाई. आई गेल्यापासून ते राहिलंच होतं. यंदा ताट मी केलं.

पण सुमनच्या अंगणातून चंद्र दिसेना. पश्चिमेला शेजारचं छप्पर. रांगेच्या टोकाला, वच्छलाबाईंच्या दारापुढे, तेवढं मोकळं माळरान होतं. सुमन भिंतीच्या खाचेतून म्हणाली, "बाई, तुमच्या दारातून ओवाळू का?"

पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. मग आवाज आला, "ओवाळा. पन ताट माह्या पायरीवर ठेवू नका. दिवा दारात ठेवाचा नाई, आमी सोडलं ते."

आधीची मी असते तर नाक मुरडलं असतं. आता मला ते आवडलं. त्यांनी आपलं घर आपल्यासारखं ठेवलं होतं, म्हणूनच मागच्या वर्षी माझ्या बहिणीला बसायला जागा मिळाली होती.

तर ताट खाली न टेकवता ओवाळलं. आधी मी धरलं आणि सुमनने निरांजन उचलून ओवाळलं, मग तिने धरलं आणि मी. कारखान्याच्या धुरात चंद्र नखाएवढा, तोही अर्धा. वच्छलाबाई दारात हाताची घडी घालून पाहत उभ्या होत्या.

"दिसते का तुमचा भाऊ?" त्यांनी विचारलं.

"दिसते थोडासा," सुमन म्हणाली.

परत

निघताना देवराव पेटी घेऊन पुढे गेले. सुमनने मला करंज्या बांधून दिल्या, माझ्याच. वच्छलाबाईंनी भिंतीवरून एक जुनं सूप दिलं, कडेला चिंधी लावलेलं. "माह्याजवळ आनखी दोन आहेत," एवढंच म्हणाल्या.

भंडाऱ्याला आल्यावर मी सुमनला पत्र लिहिलं. शेवटची ओळ लिहायची जागा आली तेव्हा पेन थांबलं. मग लिहिलं, "रविवारी तीन तास भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग उठून तांदूळ निवडले. खडे नव्हते, तरी निवडले."

बरेच दिवस उत्तर नाही. मी स्वतःला समजावलं की तिथे बाई आहेत, तिला माझी काय गरज. मला वाटलं होतं, माझं पोटात दुखणं भिलाईत राहिलं. नव्हतं राहिलं, पेटीत घालून आणलं होतं.

संक्रांतीच्या तोंडावर तिचं पत्र आलं. कार्ड नव्हे, पाकीट. "ताई, हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली आहेत. लाइनीतल्या तिघी-चौघींना दिवस गेलेत. दोन दिवसांपासून मला उठावंसं वाटत नाही. हे विचारतात, मी काही नाही म्हणते." खाली थोडी जागा सोडून लिहिलं होतं, "हे मी अजून बाईंना सांगितलेलं नाही. तुला आधी लिहिते आहे."

पत्र वाईट होतं. वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना मला इतका आनंद झाला की लाज वाटली. मग सूप पेटीत मावतं का ते पाहिलं आणि रजेचा अर्ज लिहायला बसले.